मशीनपुढे मांडी

सौदी अरेबियात, कतीफमधल्या आमच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, कडी अडकवायला कोयंडाही होता, पण दाराच्या जागी गोणपाटाचा पडदा होता. पाहुणे हसायचे, कारण माझे बाबा त्या गावातले सगळ्यांत नावाजलेले सुतार आणि त्यांनी केलेली दारं कतीफपासून दम्मामपर्यंत निम्म्या घरांना लागलेली. निम्म्या म्हणजे अगदी मोजून नव्हे, पण मी शाळेच्या बसमधून जाताना बोट दाखवून 'हे आमचं, हेही आमचं' म्हणत जायचे आणि दम्माम येईपर्यंत बोट खाली येत नसे. आमच्यासाठी म्हणून बाबा दर वर्षी एक दार करायला घ्यायचे. ते अर्धं होतं न होतं तोच कोणीतरी यायचं, ते बघायचं आणि घेऊन जायचं. अशी आमची निदान सात दारं लोकांच्या घरी वाऱ्याने आपटत असतील.

खजुराच्या एका बागेला लागून ते जुनं घर होतं. मधे मोठं अंगण आणि अंगण म्हणजेच कारखाना. घरात तीन खोल्या होत्या असं आई म्हणते, मला मात्र भुसाच आठवतो. आमटीत भुसा, वहीत भुसा, माझ्या वेणीत भुसा. शाळेत बाई म्हणायच्या, सुमन, तुझ्या केसांना सागाचा वास येतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे ते रंध्याच्या आवाजाने. लांब हात असला की सर्रर्र, गाठ आली की टर्र, आणि मग बाबांची गाठीला शिवी. मागून इस्माईलचाचांचा पॉलिशपेपर खस खस. इस्माईलचाचा राजापूरचे, आम्ही कुडाळचे. ते कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचे, रोज सकाळी आमच्याकडे यायचे, आईच्या हातची भाकरी खाऊन पॉलिशला बसायचे. तरुणपणी ते जहाजावर इंजिनात तेल घालायच्या कामाला होते. त्या जहाजाच्या गोष्टी ते इतक्या वाढवून सांगत की मी जे काही थोडंफार वाढवून सांगायला शिकले, त्याचं श्रेय त्यांना आहे.

आता बाबांच्या पायांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडचा सुतार बसून काम करतो. जमिनीवर फतकल मारून बसायचं, फळी समोर घ्यायची आणि पायांनी धरायची. हात हत्यारासाठी, पाय लाकडासाठी. बाबांच्या पायांची बोटं माझ्या हातांच्या बोटांपेक्षा हुशार होती. दोन्ही अंगठ्यांत ते फळी अशी पकडत की घोडा जुंपला तरी निघाली नसती. डाव्या पायाने सुई उचलून आईला देताना मी त्यांना पाहिलं आहे. चवड्याने फळी चाचपून ते सांगायचे, हिच्या पोटात पाणी आसा, ही दोन महिन्यांनी वाकतली. आणि वाकायची! लोक डोळ्यांनी लाकूड पारखतात, आमचे बाबा पायांनी पारखायचे. आयुष्यात उभ्याने त्यांनी फक्त देवाला आणि कफीलला नमस्कार केला.

कफील म्हणजे जामीन राहणारा मालक, आमचे अबू जासिम. बाबांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्यांच्या नावावर, घर त्यांचं, लाकूड त्यांचं. पांढरी दाढी, पोट पुढे, आणि बोलणं अरबी, हिंदी आणि हातवाऱ्यांची खिचडी. सुताराला बायकापोरं आणायची परवानगी तेव्हा सहजासहजी मिळत नसे. कॅम्पमध्ये हजारो कोकणी माणसं एकटी राहायची, दोन दोन वर्षांनी गावी जाऊन आपल्याच पोरांना स्वतःची ओळख करून द्यायची. पण बाबा एकदा सुटीवर गेले ते परत जायलाच तयार होईनात. अबू जासिमनी फोनवर फोन केले. बाबा म्हणाले, बायको आणि चेडू बरोबर असेल तर येईन. अबू जासिमनी कुठल्या कचेरीत कोणाला काय सांगितलं देव जाणे, पण आमचे कागद आले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. तोवर बाबा माझ्यासाठी वर्षाआड येणारे एक पाहुणे होते, बिस्किटं आणणारे.

मी पंधराची झाले त्या वर्षी अबू जासिमचा पुतण्या शिकून आला आणि धंद्यात लक्ष घालू लागला. एका दाराला हा माणूस आठ दिवस घेतो, त्याचं म्हणणं, मशीन एका दिवसात आठ दारं करेल. दम्मामच्या कारखान्यांच्या भागात शेड घेऊ, मशीन तिथे बसवू आणि मुअल्लिमलाही तिथेच हलवू. मुअल्लिम म्हणजे गुरुजी. तिकडे चांगल्या कारागिरालाही तेच म्हणतात. शेडजवळ कामगारांचा कॅम्प होता. कॅम्पात बायकापोरांना जागा नव्हती. म्हणजे आई आणि मी कुडाळला परत.

अबू जासिमना हे पटत नव्हतं, पण पुतण्याला नाही म्हणणंही जमत नव्हतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मशीन आधी आमच्या अंगणात येईल. येत्या गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ते स्वतः बघायला येतील. मुअल्लिमने त्यावर लाकूड कापून दाखवलं तर कारखाना आणि कुटुंब जिथे आहे तिथेच. नाही जमलं तर खलास. हे त्यांनी बाबांना उंबऱ्यावर उभ्याने सांगितलं आणि कहवा न घेता गेले. अबू जासिम कहवा न घेता गेले म्हणजे मामला गंभीर, हे आईने पडद्याआडून ओळखलं.

शनिवारी मशीन आलं. लाकडी खोक्यात बंद, मालट्रकवरून, आणि त्याचं वजन म्हणाल तर ट्रक वळला तेव्हा आमच्या गल्लीचा रस्ताही थोडा वळला. इस्माईलचाचांनी कॅम्पमधून आठ माणसं आणली होती, मला चाळीस आठवतात. दोरखंड, पहारी, 'हेईसा' आणि 'यल्ला यल्ला' यांच्या एकत्र गजरात ते अंगणात उतरलं. बाबांनी आधी खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, त्याच्या फळ्यांवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "लाकूड झकास आसा." मशीनबद्दल एक शब्द नाही. खोक्याचा एकेक खिळा त्यांनी जपून उपसला, फळ्या भिंतीला उभ्या केल्या, आणि मग त्यांचं लक्ष आत गेलं.

हिरवंगार होतं ते. बिडाचा गुळगुळीत मेज, त्याच्या मधून गोल करवतीचा पंजा वर आलेला, बाजूला रंध्याचे रूळ, खाली घागरीएवढी मोटर. कुठल्याशा दूरच्या थंड देशातलं होतं आणि तिथली माणसं ताडमाड असावीत, कारण मेज बाबांच्या छातीशी येत होता. बरोबर एक पुस्तक. ते इंग्रजीत, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच पानावर उभ्या माणसाचं चित्र आणि खाली लिहिलेलं की काम करणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून उभं राहावं.

"उभ्यान?" बाबा म्हणाले. "मी काय पोलीस आसंय?"

"बाबा, चित्रातला माणूस उभाच आहे."

"त्येका बसूक येत नसात."

परवाच माझ्या मुलाच्या गॅरेजमध्ये असंच खोकं आलं. तो धाहरानला तेलकंपनीत आहे, मी हिवाळ्यात त्याच्याकडे येते, आणि हे सगळं त्याच्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. त्याला सुटीच्या दिवशी लाकडाशी खेळायचा नाद. डोळ्यांना चष्मा, कानांना टोपणं, समोर मोबाईलवर कोणी गोरा माणूस कसं जोडायचं ते दाखवतोय. तासाभरात मशीन सुरू. मी म्हटलं, आमच्या मशीनला सहा दिवस लागले, आणि त्यातले दोन ते गच्चीवर झोपून होतं. नात म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट पॉसिबल." तिला पुढचं सांगितलं तेव्हा ती चहा प्यायचीही विसरली. खरं तर तिला चहा आवडत नाही.

तर रविवारी बाबा उभे राहिले. वायर जोडलेली, मी बटणापाशी. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद, हे मीच वाचून काढलेलं असल्याने तो मान माझा. मी हिरवं दाबलं. आवाज असा झाला की बागेतली सगळी कबुतरं उडाली आणि मला वाटतं त्यातली काही अजून परतलेली नाहीत. बाबांनी फळी सरकवायला घेतली. आयुष्यभर त्यांनी लाकूड घट्ट धरून हत्यार हलवलं होतं. इथे हत्यार जागच्या जागी आणि लाकूड हलवायचं. हात थबकले. फळी तिरकी झाली, जळक्या लाकडाचा वास आला, आणि तेवढ्यात बाबांचा उजवा पाय आपण होऊन वर उठला, फळी धरायला! छातीएवढ्या मेजावर पाय! एका पायावर बगळ्यासारखे बाबा, दुसरा पाय करवतीच्या दिशेने निघालेला, आणि मी लाल बटण दाबलं. करवत थांबता थांबता तिने फळी मागे फेकली. ती बाबांच्या कानाजवळून, पडद्यातून, गल्ली ओलांडून समोरच्या खजुराच्या बुंध्यात जाऊन रुतली. चार माणसांनी ओढली तरी निघाली नाही. आता तिला पालवी फुटली असेल.

बाबा खाली बसले. घाम पुसला. बराच वेळ मशीनकडे बघत राहिले, मग जमिनीकडे, मग परत मशीनकडे. आणि म्हणाले, "मी उंच होऊक शकत नाय. ह्येकाच बुटका करूया. खड्डो मारूया."

कुणाही शहाण्या माणसाने हे ऐकून डोक्याला हात लावला असता. इस्माईलचाचांनी फावडं आणलं. कारण आमच्या सगळ्यांच्या मते ही युक्ती अफलातून होती! मशीन खड्ड्यात उतरवायचं, मेज जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा, की झालं, बाबा त्याच्यापुढे फतकल मारून बसतील. सोमवारी दुपारी ती आठ माणसं पुन्हा आली. कंबरेएवढा खड्डा झाला, वाळू कोरडी ठणठणीत, तळाला फळ्या घातल्या, दोरखंडांनी मशीन आत सोडलं. बाबा पुढ्यात बसले, मेजावर हात फिरवला आणि पहिल्यांदाच हसले. "आता बसला ह्या माझ्या पंगतीक." आईने सगळ्यांना बांगड्याचं सार आणि गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, वाढला. आमसुलं संपली होती म्हणून सारात तिकडचं वाळवलेलं काळं लिंबू होतं. संध्याकाळी चालवून बघू असं ठरत होतं, पण पॉलिशचं एक काम अर्धं राहिलेलं म्हणून बाबा म्हणाले, उद्या.

मंगळवारी सकाळी मी अंगणात आले तर मशीन पोहत होतं. खड्डा काठोकाठ भरलेला, वर भुसा तरंगतोय, मधे तो हिरवा मेज तळ्यातल्या दगडासारखा डोकं वर काढून, आणि एक बेडूक त्यावर बसलेला. बेडूक मी आत्ता घातला, पण पाणी खरं. शेजारच्या बागेची पाण्याची पाळी मंगळवारी असे. पहाटे झऱ्याचं पाणी पाटाने बागेत सोडत, आणि कतीफची जमीन अशी की बागेत पाणी सोडलं की हातभर खणलं तरी खालून पाणी डोकावतं. सात वर्षं आम्ही त्या बागेच्या कडेला राहत होतो. दर मंगळवारी पाटाचा खळखळाट ऐकून आई म्हणायची, आपल्या परसातल्यासारखा वाटता. पण सात वर्षांत आम्ही कधी खणलं नव्हतं, कारण आमच्या घरात खाली काही नसायचं, सगळं जमिनीवरच.

मोटर पाण्याखाली. गुरुवारला दोन दिवस. बाबा खड्ड्याच्या काठाला बसले ते उठेचनात. त्यांनी शिवी दिली नाही, यावरून आम्ही काय ते समजलो. मी आत गेले तर आई कपाटापाशी उभी होती, माझे शाळेचे फ्रॉक हातात घेऊन घड्या घालत. "हे गावातल्या शाळेत चालतील मा?" तिने विचारलं. मला बाबा पुन्हा बिस्किटं आणणारे पाहुणे दिसायला लागले.

इस्माईलचाचा मात्र खुशीत आले. त्यांच्या जहाजावरच्या गोष्टी खऱ्या ठरवायची संधी त्यांना वीस वर्षांनी मिळत होती. "पाण्यात पडलेली मोटर मरत नाही वहिनी, रुसते नुसती. तिला ऊन दाखवायचं." त्यांनी मशीन वर काढायला लावलं, मोटर सोडवली, उघडली, गोड्या पाण्याने धुतली आणि गच्चीवर नेली. तिथे आईने पापड वाळत घातले होते. एका चादरीवर पापड, दुसऱ्यावर मोटरचं पोट, आणि मी दोन्हींची राखण करायला. त्या उन्हाबद्दल मी काही वाढवून सांगायची गरज नाही. पापड आधी वाळले.

त्याच दुपारी बाबा पाणी मागायला स्वयंपाकघरात आले. आई ओट्यावर बसली होती. म्हणजे खरोखरच वर, ओट्यावर मांडी घालून. त्या घरातला ओटा उंच होता, उभ्याने चिरायचं तिला कधी जमलं नाही आणि खाली विळी घेऊन बसलं की मांजरं सुरमई पळवायची. म्हणून ती विळी ओट्यावर ठेवून स्वतःच वर चढायची. बाबांनी हे सात वर्षं पाहिलं होतं. त्या दिवशी ते बघतच राहिले. आई मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबत होती, तुकडे पडत होते.

"काय बघतास?" आई म्हणाली. "पाणी त्या मडक्यात आसा."

"तुजे हात कापणत नाय?"

"कित्याक कापतले? मासो हलता की विळी हलता? सांगा बगूया."

बाबा पाणी न पिताच वळले, आणि थोड्याच वेळात अंगणातून लाकडावर वाकसाचे घाव ऐकू आले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत माचा तयार झाला. खोक्याच्या त्या झकास फळ्या सगळ्या त्यात गेल्या. मशीनच्या एका बाजूला अगदी चिकटून, कंबरेएवढा उंच, दणकट, चढायला तीन पायऱ्या. वर बाबा मांडी घालून बसले की मेज त्यांच्या मांडीच्या उंचीला. मशीन आपल्या पायांवर, बाबा आपल्या बैठकीवर, दोघांचाही मान राहिला. वाळलेली मोटर इस्माईलचाचांनी बसवली, तीनदा बिस्मिल्ला म्हणाले, आईने कोपऱ्यातल्या देवाकडे बघून हात जोडले, मी हिरवं दाबलं. मोटर आधी शिंकल्यासारखी झाली आणि मग गाऊ लागली. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजपासून माझ्या सगळ्या गोष्टी खऱ्या, ते म्हणाले.

आईने खाली उभं राहून बाबांना शिकवलं. घाई नको, ओढू नको, फळीला आपली वाट चालू द्यायची. पहिली फळी सरळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फळीला गाठ होती. गाठ लागली तशी करवत कुरकुरली, आणि बाबांचा डावा पाय मांडीतून सुटून पुढे आला. सवयच ती! चाळीस वर्षांची. मी लाल बटण दाबलं तेव्हा अंगठा आणि दाते यांच्यात चार बोटं उरली होती. इथे मी बोटं कमी केलेली नाहीत, वाढवलेलीही नाहीत.

बाबांनी जरा दम खाऊन पुन्हा करून बघितलं. पुन्हा पाय आला. त्यांचे हात आईचं ऐकायला लागले होते, पाय कुणाचंच ऐकत नव्हते. शेवटी आई आत गेली, जुन्या लुगड्याची पट्टी ओली करून घेऊन आली आणि माच्यावर चढली. तिने बाबांच्या पायांचे दोन्ही अंगठे आणि घोटे एकत्र करकचून बांधले, वरून लुंगी सारखी केली.

"बकरो बांधल्यासारखो बांधतंस माका?"

"बकरो शाणो. सुमे, पाय बांधल्याबिगर बटाण दाबूचा नाय. कोणी सांगल्यान तरी."

गुरुवारी असरच्या आधीच मोटारीचा आवाज आला. ते ठरल्यापेक्षा लवकर आले आणि बाबा सरावासाठी आधीच वर बसले होते, पाय बांधलेले. अबू जासिम पडदा सारून आत आले, मागे पुतण्या. इस्माईलचाचा ताडकन उभे राहिले. मी उभी राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी राहिली. बाबा बसून राहिले. तेही खाली नाही, वर, कफीलच्या डोक्याच्या वर त्यांचं डोकं. तिकडे वडीलधारं माणूस आत आलं की आजारी माणूसही उशीवरून उठतो. आणि आमचे बाबा, ज्यांनी इतकी वर्षं या माणसाला उभ्याने सलाम केला होता, ते मांडीवर हात ठेवून वरूनच म्हणाले, "सलाम अलेकुम."

अबू जासिमनी उत्तर दिलं, पण दाढीतल्या दाढीत. पुतण्या त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. इस्माईलचाचा डोळ्यांनी बाबांना खुणावत होते, सांग, सांग ना. बाबा सांगेनात. मी त्यांना आज समजू शकते. ज्याला अख्खं कतीफ मुअल्लिम म्हणतं, त्याने कसं सांगायचं की माझ्या बायकोने माझे पाय बांधून ठेवलेत, कारण मला ते आवरत नाहीत? त्यांनी फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. मी हिरवं दाबलं.

त्या कापण्याबद्दल मला जे सांगता येईल ते थोडंच. सहा फुटी सागाची फळी, बाबांचे दोन तळवे, आणि फळी अशी निघाली जशी ताटातून भाताची मूद पुढे सरकवावी. मधे एक गाठ आली. लुंगीखाली काहीतरी जोरात हललं, मला दिसलं, आईला दिसलं. पट्टी टिकली. फळीचे दोन तुकडे मेजाच्या पलीकडे अल्लद पडले. मी लाल दाबलं. अबू जासिम पुढे झाले, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, डोळ्यांजवळ धरली. लाकडाचा एक केसही उभा नव्हता.

"मकीना जैन," ते म्हणाले. मशीन छान. मग वर बाबांकडे बघितलं. बाबा अजून बसलेलेच. अबू जासिमचा चेहरा असा झाला की मी तो कधी पाहिला नव्हता, रागापेक्षा दुखावलेला जास्त. "मकीना जैन," ते पुन्हा म्हणाले, "लेकिन मुअल्लिम अब बड़ा आदमी हो गया." आणि पुतण्याला सांगितलं, शनिवारी ट्रक घेऊन ये.

शनिवारी ट्रक. मला एवढंच ऐकू आलं. पुढे मी काय केलं ते मला इतरांनी सांगितलंय. म्हणे मी बटण सोडून धावले, माच्याच्या तीन पायऱ्या एका उडीत चढले आणि बाबांची लुंगी घोट्यापर्यंत वर केली. तोडक्यामोडक्या अरबीत ओरडले, "अम्मी, शूफ! रिजल मरबूत!" काका, बघा! पाय बांधलेत!

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ते हुशार पाय, लुगड्याच्या हिरव्या पट्टीत, गाठ रुतून अंगठे निळे पडलेले. मग दारातून आई बोलली. तिला अरबी येत नव्हतं, हिंदी मोडकं, पण सात वर्षांत ती पहिल्यांदाच अबू जासिमशी थेट बोलली. "हमने बांधा. पाँव आगे जाता है. कट जाएगा. उठना मंगता था, उठने को नहीं आता."

अबू जासिम किती वेळ उभे होते? मी दहा मिनिटं सांगते, चाचा म्हणायचे दोन श्वास. मग त्यांनी आपला तो पांढरा पायघोळ थोब गुडघ्याशी गोळा केला, एक एक पायरी चढून धापा टाकत वर आले आणि बाबांच्या पुढ्यात बसले. बाबांच्या पायांना हात लावला. बाबा विजेचा धक्का बसल्यासारखे मागे सरकले, "नको नको, बाबा, हराम, नको," काय वाटेल ते बोलत होते. आमच्याकडे मोठ्या माणसाने लहानाच्या पायाला हात लावणं म्हणजे काय, ते अबू जासिमना कुठून कळणार?

"उस्कुत," ते म्हणाले. गप्प बस. गाठ ओल्या कापडाची, नंतर वाळून दगड झालेली. त्यांनी ती नखाने चाचपली, फिरवली, एका बाजूने दाबली. पुतण्या चाकू काढून पुढे आला तर त्याला हाताने मागे सारलं. मोत्यांच्या होड्यांवर लहानपण गेलेला माणूस तो, त्यांचे वडील पाणबुड्यांची दोरी धरायचे, हे त्यांनीच तेव्हा गाठ सोडवता सोडवता सांगितलं. दोरी कधी कापायची नसते, सोडवायची असते, खाली माणूस असतो. गाठ सुटली. त्यांनी पट्टी नीट गुंडाळली आणि आईकडे द्यायला माझ्या हातात दिली.

"मदाम का गाठ बहोत कवी है," ते म्हणाले. फार बळकट. मग तिथेच माच्यावर टेकून, खाली उभ्या पुतण्याकडे बघत बोटाने एकेक दाखवत गेले. "मकीना हिना. मुअल्लिम हिना. मदाम हिना. बिंत हिना. खलास." मशीन, बाबा, आई, मी, सगळे इथेच. आणि मला म्हणाले, "कहवा?"

कहवा झाला, दुसऱ्यांदा झाला, खजूर झाले. पुतण्यानेही घेतला. मोटार गेली. इस्माईलचाचा कॅम्पातल्या लोकांना सांगायला धावले आणि कॅम्पात पोचेपर्यंत गोष्टीत अबू जासिमच्या जागी खुद्द अमीर आले होते असं मी ऐकलं.

संध्याकाळी बाबांनी हातपाय धुवायला पाणी मागितलं. आईने बादली दिली. त्यांनी तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत खसखसून धुतले, मानेवरचा भुसा झटकला, आणि अबू जासिमचा हात लागलेल्या पायांवर पाणी न घालताच बादली बाजूला ठेवली. जेवायला आले तेव्हा पायांवर भुसा आणि पट्टीचे वळ तसेच होते. भुशाच्या पायांनी आई जेवणाच्या खोलीत मला, चाचांना, कुणालाही येऊ देत नसे. शेजारच्या बाईच्या पाहुण्यांनाही तिने एकदा बाहेर पाठवलं होतं. तिने बाबांच्या पायांकडे बघितलं. मग त्यांचा पाट थोडा पुढे सरकवला, आणि भात वाढला.